जाड-बारीक सेरिफ अक्षरांतील केसरेषा छपाईत हरवतात तेव्हा काय तपासावे

या तक्रारीचे लक्षण नेहमी सारखेच असते. लग्नपत्रिका, उपाहारगृहाचे मेनूकार्ड, सराफी दुकानाची पिशवी किंवा दिवाळी अंकाचे मुखपृष्ठ अशा एखाद्या कामासाठी बोदोनी, दिदो किंवा प्लेफेअर डिस्प्ले यांसारखे, जाड आणि बारीक रेषांत मोठा फरक असलेले सेरिफ (दांड्यांच्या टोकांना छोट्या आडव्या रेघा असलेले) अक्षरवळण निवडले जाते. संगणकाच्या पडद्यावर ते अत्यंत देखणे दिसते आणि ग्राहकही लगेच मान्यता देतो. छापून आलेल्या प्रतीत मात्र इंग्रजी ‘ई’ची आडवी रेघ तुटक उमटलेली असते, ‘एच’चे दोन खांब एकमेकांपासून सुटे झालेले असतात, आणि कॅपिटल ‘एन’चे दोन्ही उभे दांडे मुळातच बारीक असल्यामुळे त्याचा फक्त मधला तिरका पट्टा शिल्लक राहिलेला असतो. पुढच्या वेळी काम दुसऱ्या छापखान्यात दिले जाते आणि तरीही तेच घडते.

पुण्यातील पेठांत आजही असंख्य लहान छापखाने आणि डीटीपीची दुकाने आहेत, आणि या प्रश्नावर तिथे होणारा वाद ठरलेला आहे. संकल्पन करणारा मशीनला दोष देतो आणि मुद्रक फाइलला. माझे मत असे की बहुतेक वेळा मशीन ठीक असते आणि फाइलही तांत्रिकदृष्ट्या निर्दोष असते. प्रत्यक्ष आकारात केसरेषेची, म्हणजे अक्षरातील सर्वांत बारीक रेषेची, जाडी किती उरणार आहे, हे मात्र कोणीच मोजलेले नसते. ही मोजणी दोन मिनिटांत होते, आणि ती झाल्यावर पुढील निम्मे प्रश्न विचारण्याची गरजच उरत नाही.

मूळ कारण : एकच रेखाटन सर्व आकारांना

ही अक्षरे नाजूक का आहेत आणि पूर्वी ती नीट कशी छापली जात होती, हे समजून घेतल्याशिवाय उपाय पटत नाहीत. बर्मिंगहॅमच्या जॉन बास्करव्हिलने १७५७ मध्ये आपला पहिला ग्रंथ छापला तेव्हा त्याने अक्षरांतील जाड-बारीक फरक वाढवला, आणि त्याच्या जोडीला अधिक काळी शाई, गुळगुळीत वोव्ह (जाळीच्या तारांच्या रेघा न दिसणारा) कागद आणि छापलेली पाने तापलेल्या पत्र्यांमध्ये दाबण्याची पद्धत यांचाही अवलंब केला. अक्षर, शाई आणि कागद या तिन्हींचा विचार त्याने एकत्रच केला होता. पुढे पॅरिसमध्ये फर्मां दिदो याने १७८४ च्या सुमारास आणि पार्मा येथे जांबातिस्ता बोदोनी याने हा फरक टोकाला नेला. उभे दांडे भरदार झाले, आडव्या रेषा आणि सेरिफ केसाएवढे बारीक झाले, आणि दोहोंमधील गोलाई जवळजवळ काढून टाकली गेली. बोदोनीच्या मृत्यूनंतर त्याच्या पत्नीने १८१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या नमुनाग्रंथात एकाच घराण्यातील अक्षरे लहानमोठ्या आकारांत किती वेगवेगळी कापलेली होती, ते स्पष्ट दिसते.

आपल्या तक्रारीचे मूळ येथेच आहे. शिशाच्या खिळ्यांच्या काळात प्रत्येक आकाराचा पंच (ज्यावरून खिळ्याचा साचा बनतो तो पोलादी ठसा) स्वतंत्रपणे हाताने कापला जात असे. लहान आकारातील अक्षर कापताना कारागीर केसरेषा त्या प्रमाणात जाड ठेवत असे, अक्षर किंचित रुंद करत असे आणि दोन अक्षरांमध्ये थोडी अधिक मोकळीक देत असे. आपल्याकडे निर्णयसागर छापखान्यासाठी घडलेल्या देवनागरी खिळ्यांचीही प्रत्येक आकारासाठी वेगळी घडण होत असे. फोटोटाइपसेटिंग आणि नंतर संगणक आल्यावर एकच रेखाटन ६ पॉइंटपासून ६०० पॉइंटपर्यंत ताणण्याची सोय झाली. आज आपण विकत घेतो किंवा विनामूल्य उतरवून घेतो ती या घराण्यातील बहुसंख्य अक्षरवळणे मोठ्या आकारासाठी रेखाटलेली असतात. प्लेफेअर डिस्प्लेच्या तर नावातच ‘डिस्प्ले’ हा शब्द आहे, आणि तरीही पत्रिकेच्या तळाशी ७ पॉइंटमध्ये पत्ता छापण्यासाठी तेच वापरले जाते.

ज्यांनी हा प्रश्न ओळखला त्यांनी उपायही दिले. १९९४ मधील आयटीसी बोदोनी हे ६, १२ आणि ७२ पॉइंट अशा तीन आकारांसाठी स्वतंत्रपणे रेखाटले गेले. जोनाथन हेफ्लर यांनी ‘हार्पर्स बझार’ या नियतकालिकासाठी केलेले दिदो ६, ११, १६, २४, ४२, ६४ आणि ९६ पॉइंट अशा सात आकारांत आहे, म्हणजे केसरेषा प्रत्येक आकारात बारीकच दिसते पण तुटत नाही. गुगल फाँट्सवर विनामूल्य मिळणाऱ्या बोदोनी मोडा या व्हेरिएबल फाँटमध्ये (एकाच फाइलमधून रेखाटन बदलता येणाऱ्या फाँटमध्ये) ६ ते ९६ पॉइंट असा आकाराचा अक्ष आहे, आणि प्लेफेअर डिस्प्लेनंतर आलेल्या ‘प्लेफेअर’ या आवृत्तीतही तशी सोय आहे. अडचण अशी की आपल्याकडे सर्रास वापरात असलेल्या कोरलड्रॉ या संकल्पन-प्रणालीच्या जुन्या आवृत्त्यांना व्हेरिएबल फाँट कळत नाहीत. अशा वेळी संबंधित आकाराची स्थिर फाइल वेगळी उतरवून तीच वापरावी.

पहिली तपासणी : केसरेषा मोजणे

ज्या अक्षरवळणात काम करायचे आहे त्यातील कॅपिटल ‘एच’ आणि लहान ‘ई’ ही अक्षरे १०० पॉइंट आकारात टाइप करावीत, त्यांचे कर्व्हमध्ये (नुसत्या आकृतीच्या कडांत) रूपांतर करावे आणि आडव्या रेघेची जाडी पॉइंटमध्ये मोजावी. आकार १०० पॉइंट असल्यामुळे मोजून आलेला आकडा हाच अक्षराच्या आकाराशी असलेला शेकडा हिशेब असतो. समजा, जाडी २ पॉइंट आली. मग ९ पॉइंटमध्ये ती ०.१८ पॉइंट, म्हणजे सुमारे ०.०६३ मिलिमीटर राहील. २४ पॉइंटमध्ये ती ०.४८ पॉइंट आणि ४८ पॉइंटमध्ये ०.९६ पॉइंट राहील.

आता छपाईच्या पद्धतीप्रमाणे सुरक्षित मर्यादा लक्षात घ्यावी. ऑफसेटवर, आर्ट पेपरवर, एकाच शाईत शंभर टक्के भरीव छपाई असेल तर ०.२५ पॉइंटपर्यंतची रेषा निर्धास्तपणे द्यावी. म्हणजे वरील उदाहरणातील अक्षरवळण १२.५ पॉइंटच्या खाली नेऊ नये. गडद पार्श्वभूमीवर पांढरी, म्हणजेच रिव्हर्स अक्षरे असतील तर मर्यादा ०.५ पॉइंट धरावी, आणि मग तेच अक्षरवळण २५ पॉइंटच्या खाली चालणार नाही. स्क्रीन प्रिंटिंग आणि फॉइलसाठीही निदान ०.५ पॉइंट धरावे आणि खरबरीत कागद असेल तर १ पॉइंटपर्यंत जावे. चांगल्या मशीनवर कसलेला मशीनमन यापेक्षा बारीक रेषाही उमटवून दाखवतो, यात शंका नाही. परंतु पत्रिकेच्या शेवटच्या गठ्ठ्यापर्यंत ती तशीच उमटत राहील, याची हमी कोणी देऊ शकत नाही, आणि आपल्याला शेवटची प्रतही पहिल्या प्रतीसारखीच हवी असते.

मोजणीनंतर आकडा मर्यादेखाली आला तर पुढे जाऊच नये. आकार वाढवावा, लहान आकारासाठी रेखाटलेली आवृत्ती घ्यावी, किंवा तेवढा मजकूर कमी फरकाच्या सेरिफमध्ये टाकावा.

मोजमाप ठीक असूनही रेषा तुटते तेव्हा : रंग

जाडी पुरेशी असताना रेषा तुटक उमटली तर माझी पहिली शंका रंगावर असते, आणि ती सहसा खरी ठरते. संकल्पन करताना शुद्ध काळ्याऐवजी सत्तर टक्के करडा, किंवा चार रंगांच्या मिश्रणातून तयार केलेला सोनेरी, तपकिरी अथवा मोरपंखी रंग अक्षरांना देण्याची पद्धत आहे. पडद्यावर हा रंग सलग दिसतो. छपाईत मात्र शंभर टक्क्यांपेक्षा कमी असलेला प्रत्येक रंग ठिपक्यांत विभागला जातो. इंचाला १७५ रेषांच्या स्क्रीनमध्ये (ठिपक्यांच्या जाळीमध्ये) एका ठिपक्याचे घर सुमारे ०.१४५ मिलिमीटर रुंद असते, आणि आपली केसरेषा ०.०६३ मिलिमीटरची असेल तर ती एका ठिपक्याच्या निम्म्याहूनही बारीक ठरते. ती कधी ठिपक्यावर पडते आणि उमटते, तर कधी दोन ठिपक्यांच्या मधल्या जागेत पडते आणि नाहीशी होते. २४०० डीपीआयच्या (इंचाला २४०० बिंदूंच्या) प्लेटवर हीच रेषा भरीव काळ्यात सहा बिंदूंच्या रुंदीची सहज निघते, म्हणून प्लेट तयार करणाऱ्याला दोष देण्यात अर्थ नसतो.

उपाय सरळ आहे. लहान आकारातील अक्षरे फक्त काळ्या शाईत, शंभर टक्के ठेवावीत. सायन, मॅजेंटा, पिवळा आणि काळा हे चारही मिसळून केलेला ‘गडद काळा’ अक्षरांना कधीही देऊ नये, कारण चार प्लेटांचे रजिस्टर (रंगांची एकमेकांवरची जुळणी) केसभर जरी हलले तरी केसरेषेच्या दोन्ही बाजूंना रंगीत किनार दिसू लागते. वर्ड किंवा फोटोशॉपमधून आलेल्या मजकुरात असा चौरंगी काळा नकळत शिरलेला असतो, तो ॲक्रोबॅटच्या आउटपुट प्रीव्ह्यूमध्ये एकेक प्लेट वेगळी पाहून शोधावा.

लग्नपत्रिकेला गडद लाल रंगच हवा असेल तर मिश्रणातील मॅजेंटा शंभर टक्के ठेवावा, म्हणजे अक्षराची कड भरीव मॅजेंटा सांभाळतो आणि काळ्याचे थोडेसे ठिपके फक्त रंग खोल करतात. पिवळा शंभर टक्के ठेवून हे साधत नाही, कारण पिवळी कड डोळ्याला दिसतच नाही. खर्च परवडत असेल तर स्पॉट कलर (आधीच तयार केलेली एकच शाई) हा सर्वांत उत्तम मार्ग आहे. सोन्याच्या रंगासाठी तर मिश्रणाचा नाद सोडून मेटॅलिक स्पॉट शाई किंवा फॉइलच घ्यावे.

रिव्हर्स मॅटर

काळ्या किंवा मरून पार्श्वभूमीवर पांढरी, नाजूक अक्षरे हा अत्तराच्या आणि पैठणीच्या जाहिरातींचा आवडता प्रकार आहे, आणि तक्रारीही सर्वाधिक याच प्रकारात येतात. येथे रेषा तुटत नाही, ती बुजते. शाई चारही बाजूंनी थोडी पसरते आणि पांढरी केसरेषा दोन्हीकडून दाबली जाते. पार्श्वभूमी चार रंगांची असेल तर प्रत्येक रंगाची किंचित वेगळी कड तिच्यात घुसते. पार्श्वभूमी शक्यतो एकाच स्पॉट शाईची ठेवावी. चार रंगांची ठेवणे भागच असेल तर काळ्या प्लेटवर अक्षराची कड नेमकी राखून उरलेले तीन रंग कडेपासून थोडे मागे ओढून घ्यायला मुद्रकाला सांगावे. मॅपलिथोसारख्या शोषक कागदावर रिव्हर्समध्ये दिदो छापण्याचा आग्रह धरूच नये, असे मी स्पष्टपणे म्हणेन. त्या कागदाचा खरबरीत उबदारपणा आणि या अक्षराचा तलवारीसारखा काटेकोरपणा यांचे जमत नाही.

फॉइल, स्क्रीन आणि हातकागद

पुण्यात पत्रिकांसाठी हातकागदाची आवड जुनी आहे, आणि शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेमुळे तो अनेकांच्या परिचयाचाही आहे. या कागदाचा पृष्ठभाग समतल नसतो. फॉइलचा तापलेला ठोकळा कागदाच्या उंचवट्यांवर नीट टेकतो आणि खळग्यांवरून तसाच जातो, त्यामुळे जाड दांडे उमटतात आणि केसरेषा जागोजागी सुटते. दाब वाढवला तर ‘ए’ आणि ‘ई’च्या आतल्या जागा फॉइलने भरून जातात. म्हणून ठोकळा बनवण्याआधीच केसरेषा जाड असलेली आवृत्ती निवडणे आवश्यक आहे. ठोकळा तयार झाल्यावर उपाय उरत नाही. स्क्रीन प्रिंटिंगमध्ये जाळीचा धागाच रेषेच्या आड येतो. जाळी जितकी दाट तितकी रेषा अखंड उमटते, परंतु सोनेरी शाईतील कण मोठे असल्यामुळे त्या शाईसाठी दाट जाळी चालत नाही. या दोन अटींमध्ये सापडल्यावर अक्षराचा आकार वाढवणे हाच एक मार्ग राहतो.

डिजिटल प्रतीवरून ऑफसेटचा अंदाज बांधू नये

शंभर-दोनशे प्रतींची कामे आता टोनरवर चालणाऱ्या डिजिटल मशीनवर होतात. ६०० डीपीआयवर एक बिंदू सुमारे ०.०४२ मिलिमीटरचा असतो. ०.०६३ मिलिमीटरची रेषा त्यात दीड बिंदूची ठरते, आणि अर्धा बिंदू नसतो, म्हणून एका ओळीतील काही रेषा एका बिंदूच्या आणि काही दोन बिंदूंच्या उमटतात. परिणामी एकाच शब्दातील दोन ‘ई’ वेगळे दिसतात. ग्राहकाला नेमके काय खटकते ते सांगता येत नाही, पण काहीतरी ओबडधोबड वाटते एवढे तो नक्की सांगतो. अशा मशीनवर केसरेषा निदान तीन बिंदूंची, म्हणजे ०.१३ मिलिमीटरच्या आसपास ठेवली की हा फरक डोळ्यांना जाणवत नाही. डिजिटल नमुना पाहून ऑफसेटला मान्यता देणे किंवा ऑफसेटचा जुना नमुना दाखवून डिजिटलवर तशीच अपेक्षा धरणे, दोन्ही टाळावे.

पावसाळ्याचा एक मुद्दा येथे सांगणे आवश्यक आहे. दिवाळी अंकांची आणि सणासुदीच्या जाहिरातींची कामे आपल्याकडे पावसाळ्यातच सुरू होतात. कागद हवेतील ओलावा शोषून किंचित वाढतो, आणि पहिल्या रंगानंतर दुसरा रंग छापला जाईपर्यंत त्याचे माप बदललेले असते. एकरंगी केसरेषेला याचा त्रास होत नाही, दुरंगी किंवा चौरंगी केसरेषेला निश्चितपणे होतो. जुलै-ऑगस्टमध्ये छापायच्या मुखपृष्ठावरील नाजूक अक्षरे एका शाईत ठेवण्याचे हे आणखी एक ठोस कारण आहे.

व्हॉट्सॲपवरील प्रूफ

आता जवळजवळ प्रत्येक पत्रिकेचे प्रूफ व्हॉट्सॲपवर चित्र म्हणून पाठवले जाते, आणि घरातील सर्वजण ते फोनवर पाहून मान्यता देतात. चित्र पाठवताना त्याचे माप कमी होते आणि ते दाबले जाते. त्यात केसरेषा पुसट होतात, आणि लाल अक्षर पिवळ्या पार्श्वभूमीवर असेल तर कडा फिसकटतात. त्यामुळे चांगल्या फाइलवर विनाकारण शंका घेतली जाते. उलटही घडते. फोनवर बोटांनी मोठे करून पाहिल्यावर रेषा सुरेख दिसते, आणि ती प्रत्यक्षात ७ पॉइंटची आहे याचे भान राहत नाही. प्रूफ पीडीएफ स्वरूपात, ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावे आणि सोबत मूळ मापात कागदावर काढलेली एक प्रत द्यावी. पीडीएफ पाहताना ॲक्रोबॅटमधील बारीक रेषा ठळक करून दाखवणारी सोय बंद करावी, कारण ती सुरू असेल तर पडद्यावर दिसणारी जाडी खोटी असते.

संकेतस्थळावर हाच प्रश्न वेगळ्या रूपात येतो. १६ पिक्सेलच्या मजकुरात दोन टक्के जाडीची रेषा ०.३२ पिक्सेलची होते. साध्या मॉनिटरला तृतीयांश पिक्सेल दाखवता येत नाही, म्हणून तो त्या जागी फिका करडा रंग भरतो आणि सगळा परिच्छेद धुरकट दिसतो. तीनपट घनतेच्या फोनवर तीच रेषा जवळपास एका पूर्ण बिंदूची होते आणि स्वच्छ दिसते. संकल्पन करणारे महागड्या फोनवर आणि मॅकवर पाहतात, तर वाचणारे अनेकदा कार्यालयातील जुन्या मॉनिटरवर वाचतात. या कारणासाठी असे अक्षरवळण संकेतस्थळावर फक्त मोठ्या शीर्षकांना, साधारण ४० पिक्सेलच्या वर वापरावे, आणि फाँटमध्ये आकाराचा अक्ष असेल तर ब्राउझरला तो आपोआप वापरू द्यावा.

देवनागरीची बाजू

मराठी मजकूर आला की एक वेगळीच गडबड होते. बोदोनी मोडा, प्लेफेअर डिस्प्ले किंवा दिदो यांच्यात देवनागरी अक्षरे नसतात. मराठी मजकुराला तोच फाँट लावला की संगणक गुपचूप दुसराच फाँट, बहुधा मंगल किंवा निर्मला, उचलतो. त्यामुळे वधूवरांची इंग्रजी नावे नाजूक आणि तेजस्वी दिसतात, आणि खालची ‘॥ श्री गजानन प्रसन्न ॥’ ही ओळ कार्यालयीन परिपत्रकातील वाटते. हा दोष छपाईचा मुळीच नाही, तरी तो ‘फाँट बिघडला’ अशाच शब्दांत आपल्यापर्यंत येतो.

देवनागरीत जाड-बारीक फरकाची जागा निराळी असते. रोमन दिदोमध्ये उभे जाड आणि आडवे बारीक असा सरळ हिशेब आहे. देवनागरी अक्षर बोरूच्या तिरक्या कापातून घडले, म्हणून काना आणि शिरोरेषा दोन्ही भरदार असतात आणि बारीकपणा वळणांत, गाठींत आणि सांध्यांत येतो. शिरोरेषा केसाएवढी करून देवनागरीला ‘दिदो’ बनवण्याचे प्रयत्न अधूनमधून दिसतात. माझ्या मते ते अक्षराचा कणाच काढून घेतात. इंडियन टाइप फाउंड्रीचे रोझा वन हे अक्षरवळण या बाबतीत पाहण्यासारखे आहे. त्यात रोमन आणि देवनागरी दोन्ही अक्षरे अतिशय मोठ्या फरकाची आहेत, ती एकमेकांना साजेशी रेखाटलेली आहेत, आणि ती एकाच, ठळक वजनात असल्यामुळे शीर्षकाला शोभतात. सलग मजकुरासाठी टायरो देवनागरी मराठी घ्यावे. त्यातील फरक मध्यम आहे, ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाचे आहेत, आणि नाजूक रोमन शीर्षकाखाली ते सभ्यपणे बसते. पुण्याच्याच मॉड्युलर इन्फोटेकच्या श्रीलिपीतील फाँटवर वर्षानुवर्षे काम करणाऱ्यांनीही हीच कसोटी लावावी. गाठी उघड्या आहेत का आणि काना रोमन दांड्याशी जाडीने जुळतो का, हे १०० पॉइंटमध्ये शेजारी शेजारी ठेवून पाहावे.

देवनागरीत लहान आकारात रेषा तुटण्यापेक्षा गाठी भरण्याचा धोका मोठा असतो. ‘क्ष’, ‘द्ध’, ‘ह्म’ आणि ‘ज्ञ’ यांतील आतल्या जागा, तसेच ‘थ’ आणि ‘ध’ यांच्या सुरुवातीची वळी आधी तपासाव्यात. मराठीत ‘ऱ्य’मधील अर्ध्या ‘र’ची तिरपी खूण आणि रफार हे भागही पुष्कळदा बारीक असतात. ते पुसले गेले तर शब्दच बदलतो, म्हणून ‘सुऱ्या’ किंवा ‘वाऱ्यावर’ असा एखादा शब्द चाचणीत हमखास ठेवावा.

कडेला रेघ देण्याचा उपाय

या तक्रारीवर दुकानांत सर्वांत जास्त केला जाणारा उपाय म्हणजे अक्षरांना त्याच रंगाची बारीक आउटलाइन देणे. तो वेळ मारून नेतो, पण त्यात केसरेषेबरोबर जाड दांडेही फुगतात, आतल्या जागा आकसतात आणि टोकदार कोपऱ्यांवर काटे उभे राहतात. ज्या फरकासाठी हे अक्षर निवडले तोच त्यातून कमी होतो. वेळ अगदीच नसेल आणि दुसरी आवृत्ती उपलब्ध नसेल तर आउटलाइन ०.१ पॉइंटपेक्षा अधिक ठेवू नये, कोपरे गोल ठेवावेत आणि अक्षरांमधील अंतर थोडे वाढवावे. यापेक्षा चांगला मार्ग म्हणजे शीर्षक दिदोमध्ये ठेवून तारीख, वेळ, पत्ता आणि मोबाइल क्रमांक कमी फरकाच्या, लहान आकारासाठी घडलेल्या सेरिफमध्ये टाकणे. इंग्रजी चारच्या अंकातील आडवी रेघ पुसली गेली की पाहुणा चुकीच्या क्रमांकावर फोन करतो, आणि तेव्हा सौंदर्याची चर्चा करण्यात अर्थ उरत नाही.

या घराण्यातील अक्षरे जिथे खरोखर शोभतात त्या जागा थोड्या आहेत आणि त्या राखून ठेवाव्यात असे मला मनापासून वाटते. नियतकालिकाचे नाव, मुखपृष्ठावरील एखादा शब्द, प्रकरणाचे पहिले मोठे अक्षर, भिंतीवरील प्रदर्शनाचे शीर्षक, मेनूकार्डाच्या पहिल्या पानावरील नाव या त्या जागा. भोवती भरपूर मोकळी जागा, गुळगुळीत कागद आणि एकच भरीव शाई मिळाली की अक्षर झळाळते. फ्लेक्सवर मात्र ते वापरू नये. वीस मीटरवरून वाहनातून पाहणाऱ्याला त्यातील केवळ उभे पट्टे दिसतात.

काम प्लेटपर्यंत गेले असेल तर

तक्रार कधी कधी मशीन सुरू झाल्यावरच लक्षात येते. अशा वेळी ‘शाई वाढवा’ असे मशीनमनला सांगितले जाते. शाई वाढवल्याने ठिपक्यांत विभागलेली रेषा जोडली जात नाही. जाड दांडे मात्र ओले राहतात, गाठी भरतात आणि थप्पीतील कागदांच्या मागच्या बाजूला डाग पडतात. आधी भिंगाखाली पाहावे. रेषेत नियमित ठिपके दिसले तर कारण रंगात आहे आणि फाइल दुरुस्त करून त्या रंगाची प्लेट नव्याने काढणे एवढाच उपाय आहे. रेषा सलग असून फक्त फिकी दिसली तर शाई-पाण्याचे प्रमाण किंवा ब्लँकेट (कागदावर शाई उतरवणारे रबरी आवरण) तपासायला सांगावे, ते मशीनवरच सुधारते. रेषेच्या कडेला दुसरा रंग डोकावत असेल तर रजिस्टर लावून घ्यावे. नवीन प्लेटचा खर्च संपूर्ण कामाच्या कागदापेक्षा बहुधा कमी असतो, त्यामुळे पहिल्या पन्नास कागदांतच थांबून निर्णय घ्यावा आणि मान्य केलेल्या कागदावर सही करून तो मशीनजवळ ठेवावा, म्हणजे पुढच्या गठ्ठ्यांची तुलना त्याच्याशी करता येते.